नाशिकमधल्या छोट्या कॉलेजातलं बीए : दोन सत्रांनंतरचा अनुभव

दुसऱ्या सत्राचा निकाल लागला, सगळे विषय सुटले, आणि क्रेडिटच्या (म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांच्या) ऑनलाइन खात्यात मात्र शून्य! बीएला प्रवेश घेणारे फी विचारतात, विषय विचारतात, सिडकोहून सिटीलिंकच्या शहर बसला किती वेळ लागतो तेही विचारतात. खात्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

गोची नावात आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं, वडिलांचं कधी कधी नसतंच. या खात्याचा १२ अंकी क्रमांक म्हणजे एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आधारवरून तयार होतो, विद्यापीठाची नोंद गुणपत्रिकेवरून. नाव, जन्मतारीख, लिंग यांतलं काही जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक जादा अक्षरही पुरतं.

दुरुस्ती करताना कॉलेजातली नोंद आधारप्रमाणे बदलू नका. दहावीची गुणपत्रिका पुढे प्रत्येक अर्जाला लागणार, म्हणून आधारच तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर स्क्रीनवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचून मगच हो म्हणा. त्यानंतर डिजिलॉकरमधली माहिती ताजी करा आणि गुणपत्रिका, आधार व एबीसी आयडीच्या प्रती जोडून कॉलेजच्या ऑफिसात अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. घाईत दुसऱ्या मोबाईल नंबरवर डिजिलॉकरचं नवं खातं काढून दुसरा आयडी तयार केलात तर गुंता दुप्पट होतो.

एवढा आटापिटा कशासाठी? नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि क्रेडिट ७ वर्षं जमा राहतात. घरच्या अडचणीने शिक्षण अर्धवट सुटणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. खातंच रिकामं असेल तर ती कागदावरच राहते.

बाकीचं थोडक्यात. सत्राला २२ क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला १५ आठवडे रोज नाही तरी आठवड्याला ४ तास हवेत. वेळापत्रकात ३ दिसले तर प्रवेशाआधीच विचारा. पहिल्या वर्षी तीन विषय असतात, दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मुख्य, एक गौण होतो आणि तिसरा सुटतो. छोट्या कॉलेजात एखाद्या विभागाला एकच शिक्षक असतो, त्यामुळे आवडीचा विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य म्हणून मिळेल का, हे तोंडी नको, माहितीपत्रकात बघा.

पहिल्या सत्रानंतरचं मत असं होतं की यापेक्षा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बरं. १९८९ पासूनचं, मुख्यालय इथंच गंगापूर धरणाच्या बाजूला. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांसाठी ते मत अजूनही तसंच आहे. बारावीनंतर थेट येणाऱ्यांसाठी ते दुसऱ्या सत्रात बदललं, आणि त्याचं कारण अंतर्गत गुण. १०० पैकी ३० गुण वर्गातल्या कामावर असतात. मोठ्या वर्गात राहिलेली असाइनमेंट कुणाच्या लक्षात येत नाही, निकालातच कळते. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक नाव घेऊन मागतात, चाचणीचा पेपर परत देऊन कुठे गुण गेले ते दाखवतात. या एका गोष्टीसाठी फीचे पैसे वसूल होतात, हे मनापासून सांगावंसं वाटतं.

ग्रंथालय मात्र तोकडं. संदर्भग्रंथांसाठी १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व वेगळं घ्या, प्रत्येक पुस्तक विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि नाव जुळवायचं काम प्रवेशफेरीच्या आधी, मे महिन्यातच उरका. जूनमध्ये आधार केंद्रांवर सगळ्यांचीच गर्दी होते.