स्विचच्या कन्सोलवरचा पिंग पाहून सही करू नका

लेयर थ्री स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा, शिवाय एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट्स पाठवणारा, म्हणजे राउटिंग करणारा स्विच) घेताना आमच्या ऑफिसला ज्या पद्धतीने फसवलं गेलं, तसंच दुसऱ्या कुणालाही फसवता येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुरवठादार म्हणाला, "हा स्विच राउटिंग करतो, वेगळा राउटर कशाला? इंटरनेट प्रोव्हायडरची लाइन थेट यातच लावा." स्विच बसला, पण एका व्हीलॅनमधून (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) दुसऱ्यात काही जाईना. मग त्याने सांगितलं की राउटिंग 'लॉक' असतं, लायसन्स वेगळं घ्यावं लागेल. बिल आलं, भरलं. त्याच्या माणसाने कन्सोल केबल (स्विचला थेट कमांड द्यायची) लावली आणि कॉन्फिगरेशनमध्ये एकच ओळ टाइप केली: आयपी राउटिंग. बस्स! बऱ्याच स्विचवर राउटिंग मुळात बंदच येतं आणि याच कमांडने चालू होतं. काही मॉडेल्सना खरोखर लायसन्स लागतं, पण मग ते स्विचमध्ये दिसतं. आमच्या स्विचवर 'शो लायसन्स' या कमांडच्या आउटपुटमध्ये आधी आणि नंतर काडीचाही फरक नव्हता.

खरी लबाडी तर पुढेच होती. त्याने लाइनच्या पोर्टला 'नो स्विचपोर्ट' केलं (म्हणजे त्या पोर्टला स्वतःचा आयपी देता येतो), पब्लिक आयपी (इंटरनेटवर चालणारा पत्ता) दिला, प्रोव्हायडरच्या गेटवेकडे डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सचा रस्ता) टाकला आणि त्याच कन्सोलवरून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग मारला, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासलं. स्क्रीनवर ओळीने पाच उद्गारचिन्हं उमटली, म्हणजे पाचही वेळा उत्तर आलं. "इंटरनेट चालू झालं, इथे सही करा." काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही घेऊन तो गेला, आणि ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरवर इंटरनेट नव्हतं.

स्विच स्वतः पिंग मारतो तेव्हा पॅकेट पब्लिक आयपीवरून जातं, त्यामुळे उत्तर येतं. कॉम्प्युटरचं पॅकेट निघतं १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमावलीनुसार हे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. इंटरनेटवरून त्यांच्याकडे परत यायला रस्ताच नाही. मध्ये नॅट (खासगी पत्त्याच्या जागी पब्लिक पत्ता घालणारी सोय) लागतं, आणि बहुतेक लेयर थ्री स्विच नॅट करत नाहीत. आमची पॅकेट्स खासगी पत्त्यासकट पलीकडे पोहोचून तिथेच ड्रॉप होताहेत, हे प्रोव्हायडरच्या इंजिनिअरने तपासून सांगितलं.

पुरवठादाराला हे ठाऊक नव्हतं, असं मला अजिबात वाटत नाही. तक्रार केल्याबरोबर त्याने राउटरचं कोटेशन पाठवलं, त्यावर स्पष्ट लिहिलेलं: 'नॅटसाठी आवश्यक'.

म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा: या मॉडेलवर नॅट होतं का, आणि लाइन पीपीपीओई (यूझरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर तेही चालेल का? उत्तर मॉडेल नंबरसकट कोटेशनवर लिहून घ्या. पिंग दाखवलाच, तर सोर्स म्हणून आतल्या व्हीलॅनचा इंटरफेस द्यायला लावा, म्हणजे पॅकेट कॉम्प्युटरसारखंच खासगी पत्त्यावरून निघेल. आणि सहीआधी कुठल्याही टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एखादी वेबसाइट उघडून बघा.

लायसन्सचे पैसे परत मागितले तर त्याने सहीचा कागद पुढे केला. आता आम्ही त्याच्याकडे त्या बिलातल्या लायसन्सची 'की', म्हणजे त्याचा कोड, लेखी मागितली आहे. ती अजून आलेली नाही.