जुनी सॅन स्टॉर्म घेताय? आधी फायबर बघा, इंजिन नंतर

सॅन स्टॉर्म 1998 च्या सुमारास आली, तेव्हा दोन दारं, दोन सीट आणि उघडणारा कापडी टप असलेली गाडी भारतातच बनते हीच अपूर्वाई होती. उत्पादन केव्हाच थांबलं. आज एखादी स्टॉर्म नागपुरात फुटाळा तलावाच्या काठाला उभी केली की लोक तिला परदेशी गाडी समजून फोटो काढतात. समज अगदीच चुकीचा नाही, कारण बोनेटखाली रेनोचं इंजिन आहे. पण सांगाडा आणि फायबरची (म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या काचेच्या धाग्यांची) बॉडी इथली आहे. जुनी स्टॉर्म घेताना सौदा ठरतो तो या इथल्या भागावरच.

गाडी दाखवणारा माणूस हमखास इंजिन चालू करून ऐकवतो. ऐका, पण त्यावर जाऊ नका. 1149 सीसीचं, चार सिलिंडर आणि 8 व्हॉल्व्हचं हे डी7एफ इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये भरपूर खपलं, त्यामुळे त्याचे पार्ट आजही मागवता येतात. स्टॉर्मचा फेंडर, बंपर किंवा दाराचा पत्रा (म्हणजे फायबर) मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो दुरुस्त करावा लागतो, नाहीतर साचा काढून नवा ओतावा लागतो. म्हणून इंजिन थकलेलं पण बॉडी निरोगी अशी गाडी घ्यावी. उलटी असेल तर सोडून द्यावी.

फायबर बघायचं ते सकाळच्या तिरप्या उन्हात, गाडी धुऊन पुसल्यावर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्या बहुतेक वरच्या जेलकोटपुरत्या (फायबरवरच्या गुळगुळीत थरापुरत्या) असतात, त्यांना घाबरू नका. घाबरायचं ते बिजागऱ्यांजवळच्या, चाकांच्या कमानींवरच्या आणि पुढच्या ओठाच्या, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेच्या लांब तड्यांना. तिथे बोटाने दाबलं की कड हलते आणि आतून करकर आवाज येतो. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या जागेपेक्षा बरीच उंच असते. त्या पायरीवरून गाडी सरळ उतरवली की पुढचा ओठ घासतो, फुटतो, आणि मग कोणीतरी त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो. ती लांबी सहा महिन्यांत त्याच रेषेवर पुन्हा फुटते, कारण तडा आतल्या काचेच्या धाग्यांत असतो आणि लांबीने फक्त वरची फट बुजवलेली असते. टकटक करून बघा. चांगलं फायबर सगळीकडे सारखं वाजतं, लांबी भरलेली जागा मंद आणि ठोस वाजते. पत्र्याच्या गाडीत लांबी ओळखायला चुंबक लावून बघतात, ती युक्ती इथे उपयोगाची नाही.

नीट दुरुस्ती मागच्या बाजूने सुरू होते. तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि जेलकोट घासून उघडं फायबर काढायचं, कडा ग्राइंडरने लांब उताराच्या करायच्या आणि ॲसिटोनने पुसायचं. मग आतून 450 जीएसएमची (चौरस मीटरला 450 ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चादर, निदान तीन थर. एका थराची जाडी साधारण एक मिलिमीटर भरते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट लागतं. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, कारण राहिलेला बुडबुडा पहिल्या कडक उन्हात फुगून रंगावर येतो. आतला थर बसला की बाहेरची खाच मॅटने भरायची. लांबी सगळ्यात शेवटी, आणि तीही नखभर.

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण एक किलो रेझिनला 10 ते 20 मिली. मे महिन्यात दुपारी कोणी 20 मिली टाकलं तर ब्रश उचलेपर्यंत डब्यातलं रेझिन गरम होऊन गोठतं, म्हणून उन्हाळ्यात खालचंच प्रमाण आणि पहाटेची वेळ. भर पावसाळ्यात हे काम करूच नये, दमट हवेत पॉलिएस्टर रेझिन नीट पिकत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. एक गोष्ट जिवावरची आहे: कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. बाजारात कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या. घासताना नाकाला नीट मास्क हवा, काचेची धूळ छातीत बसते.

हे काम करणारे हात नागपुरात आहेत, फक्त ते गॅरेजमध्ये शोधू नका. फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या बनवणारे कारागीर मॅट आणि रेझिन रोज हाताळतात. त्यांचं जोडकाम मोटारीच्या डेंटरपेक्षा पक्कं असतं. फिनिश मात्र त्यांच्याकडून करवून घेऊ नका, ते पेंटरकडे. पेंटरला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात: रंग काढायला केमिकल रिमूव्हर किंवा हीट गन वापरायची नाही, आणि बेकिंग बूथमध्ये गाडी पत्र्याच्या गाडीइतकी तापवायची नाही. जास्त तापली की आतल्या मॅटची वीण रंगावर उमटते, आणि ती पुन्हा घासल्याशिवाय जात नाही.

फायबरच्या बॉडीचा दुसरा परिणाम विजेच्या कामावर होतो, आणि स्टॉर्मच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थ (करंटची परतीची वाट) असते, दिवा कुठेही बसवा, स्क्रूतून करंट परत जातो. फायबर करंट नेत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, पंख्याला आणि पंपाला अर्थची वेगळी वायर लागते आणि ती सांगाड्यावर येऊन बसते. पंचवीस वर्षांत त्या रिंगखाली गंज धरतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट पिवळट पडतो, पेट्रोलचा काटा हॉर्नबरोबर नाचतो, ही सगळी खराब अर्थची लक्षणं. नवीन बल्ब टाकून काही होत नाही. मल्टिमीटर 20 व्होल्टवर ठेवा, हेडलाइट चालू करा, एक टोक दिव्याच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. सांगाड्यावरची जागा चकचकीत घासून, नवी तांब्याची रिंग क्रिंप करून बसवायची आणि वरून ग्रीस लावायचं. दिव्यांना 2.5 चौरस मिलिमीटरची वायर पुरते. बॅटरी ते सांगाडा आणि सांगाडा ते इंजिन हे दोन जाड पट्टे सरळ नवेच घाला.

नागपूरच्या उन्हात गाडी गरम होते ही तक्रारही पुष्कळदा याच तपासणीपाशी येऊन थांबते. रेडिएटरच्या पंख्याची अर्थ कमजोर असली तर पंखा फिरताना दिसतो, पण पूर्ण वेगाने फिरत नाही. डिसेंबरमध्ये कोणाला कळत नाही. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा 45 च्या वर असताना वर्धा रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की काटा चढतो. मग रेडिएटर उघडला जातो, थर्मोस्टॅट काढून फेकला जातो आणि तरी काटा चढतोच. थर्मोस्टॅट काढणं ही चूक आहे: इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दोष तिथेच राहतो.

कूलिंगमध्ये हवा अडकणं हा दुसरा दोष. या इंजिनला पाणी भरताना हीटरच्या होजवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) उघडावा लागतो. तो न उघडता वरून टाकी भरली की आत हवेचा कप्पा राहतो. स्क्रू उघडा, टाकीत कूलंट हळू ओता, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. मग इंजिन पंधराशे ते दोन हजार आरपीएमवर, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत चालवा. गार झाल्यावर पातळी बघून भरा, गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं. इथे पाणी गोठत नाही म्हणून साधं पाणी चालेल, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. कूलंटने उकळबिंदू वाढतो आणि ॲल्युमिनियमच्या हेडला गंज लागत नाही. बोअरचं पाणी तर नकोच, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

इंजिन 5250 आरपीएमला सुमारे 60 हॉर्सपॉवर आणि 2500 ला 93 न्यूटन मीटर देतं. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नव्हे तर वर्षांवर बदला: वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीतही पाच वर्षांनी, टेन्शनरसकट. गरम इंजिन अचानक बंद पडून अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही असं चालू झालं, तर आधी टीडीसी सेन्सर (इंजिन फिरताना त्याची स्थिती कळवणारा सेन्सर) बघा. तो गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाच्या वर, फ्लायव्हीलसमोर असतो. टोकाला धूळ आणि लोखंडाचा भुगा चिकटतो, किंवा कनेक्टर सैल होतो. पुसून, घट्ट करून बघा, तरी तसंच राहिलं तर बदला. पावसात झटके देत असेल तर कॉइल आणि प्लगच्या वायरी.

ऑइल बदलताना आणखी एक. संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन प्लग 8 मिलिमीटरच्या चौकोनी खाचेचा आहे. साधा पाना तिथे बसत नाही. ज्याच्याकडे चौकोनी चावी नाही तो पकडीने ओढतो आणि खाच गोल करून ठेवतो. शंभर-दोनशे रुपयांची चावी स्वतःची घेऊन गाडीतच ठेवावी. नवा वॉशर दर वेळी.

पार्ट मागवताना 'स्टॉर्मचं' म्हणू नका, 'डी7एफचं' म्हणा आणि ब्लॉकवरच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर कळवा. भारतात विकलेल्या लोगनचं पेट्रोल इंजिन वेगळ्या घराण्याचं आहे, रेनो म्हणून तिचे पार्ट बसतील या आशेने काही घेऊ नका. बेल्टचा सेट, टीडीसी सेन्सर, टाकीचं झाकण आणि क्लच एकाच पार्सलमध्ये मागवले तर कुरिअरचा खर्च एकदाच पडतो.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळातल्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मग कडक होऊन चिरतात. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या नळ्या आर9 दर्जाच्या घाला, बाजारातली साधी काळी नळी इंजेक्शनच्या दाबाला टिकत नाही. गाडी उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका, इथेनॉल ओल धरतं.

कापडी टपाचं काम कुशनवाले करतात. कापड टिकतं, शिवण आधी जाते. म्हणून उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर दोराच वापरायला सांगा, सुती नाही. मागची पारदर्शक शीट घडी घालताना मध्ये मऊ सुती फडकं ठेवायचं, आणि ओला टप कधीच घडी करायचा नाही.

सांगाड्याकडे वळायचं तर गाडी रॅम्पवर घ्या आणि स्क्रूड्रायव्हरने बॅटरीखालची जागा, सस्पेन्शनचे जोड आणि टपाचं पाणी जिथे उतरतं ते कोपरे टोचून बघा. पापुद्रा निघाला तर ठीक, टोक आत गेलं तर सौदा थांबवा. वरून नवीन काळा अंडरकोट मारलेला असेल तर दुप्पट संशय घ्या.

कागदपत्रं. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण फॉर्म 25 वर, पाच वर्षांसाठी, आणि आधी पर्यावरण कर भरून. 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली आहे, ती किमतीत धरा. गाडी गोवा किंवा कर्नाटकची असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इंजिन नंबर पट्टीवर व आरसीवर एकच आहे हे स्वतः वाचा. विम्यात एक चांगली बाब आहे: दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर 30 टक्केच. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने बंपर प्लास्टिकमध्ये धरला (त्यावर 50 टक्के) तर लेखी हरकत घ्या.

चालवायला ही गाडी वेगाची नाही, आणि ती तशी असावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने घेऊ नये. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा असली तरी टप उघडा ठेवून ऐंशी-नव्वदच्या पुढे कानात फक्त वारा उरतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, न वाचता तापलेल्या काँक्रीटवर जाऊच नका. तिचं सुख आहे काटोल रस्त्यावर, डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात वाजता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच हजार आरपीएमच्या आसपास इंजिन सहज ओढतं, पुढची चाकं रस्त्यावर काय आहे ते स्टिअरिंगमधून हाताला सांगतात, आणि टप उघडा असल्याने संत्र्याच्या बागा लागल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं.