इंदूरच्या वाहतुकीचे उत्सर्जन: पंपाची विक्री धरावी की रस्त्यावर मोजावे?

इंदूरची हरितगृह वायू इन्व्हेंटरी, म्हणजे शहर वर्षभरात किती वायू सोडते त्याची यादी, करायला घेतली की विजेचा भाग लवकर मार्गी लागतो. वितरण कंपनीकडे दरवर्गानुसार खप असतोच (एलव्ही म्हणजे कमी दाबाची वीज): एलव्ही-१ घरगुती, एलव्ही-२ बिगरघरगुती, एलव्ही-४ उद्योग. त्याला ग्रिडचा गुणांक, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, लावायचा. घोडे अडते ते वाहतुकीपाशी. शहरांच्या उत्सर्जनाचा हिशेब कसा करावा हे सांगणाऱ्या २०१४ च्या जीपीसी या जागतिक मार्गदर्शिकेला चार पद्धती चालतात, पण हातात असलेल्या माहितीवरून निवड दोनांतच होते: विकलेले इंधन किंवा वाहनांनी कापलेले किलोमीटर.

विक्रीचा हिशेब सोपा. आकडा किलोलिटरमध्ये येतो. डिझेलला किलोलिटरमागे २.६८ टन कार्बन डायऑक्साइड, निव्वळ पेट्रोलला सुमारे २.३ टन. गोम आहे हद्दीत. बेरीज जिल्ह्याची मिळाली तर महू, सांवेर, देपालपूर त्यात आलेच. शिवाय बायपासवर आणि देवास नाक्याकडे टाकी भरणारे ट्रक पिथमपूरचा, म्हणजे धार जिल्ह्यातला माल घेऊन दूर निघून जातात. डिझेल इंदूरच्या खात्यात, धूर भलतीकडेच. म्हणून पंपवार यादीच मागावी आणि बायपासचे पंप वेगळ्या रकान्यात ठेवावेत.

पेट्रोलमध्ये इथेनॉलही आहे. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे मिश्रण, असेल तर लिटरभरात जीवाश्म पेट्रोल ८०० मिली, म्हणजे २.३ ऐवजी १.८४ किलो. इथेनॉलचा कार्बन डायऑक्साइड जैविक म्हणून वेगळा दाखवायचा. मिश्रणाचे प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढत गेले आहे, तेव्हा ज्या वर्षाची यादी त्याच वर्षाची टक्केवारी घ्यावी.

आता किलोमीटरची बाजू. वाहने गुणिले वर्षाचे अंतर, भागिले मायलेज. तिन्ही आकड्यांत चूक शिरते. एमपी-०९ ची, म्हणजे इंदूरच्या आरटीओची, नोंदणी धरली तर भंगारात गेलेल्या गाड्याही मोजल्या जातात, कारण त्यांची नोंद रद्द करायला फारसे कोणी जात नाही. अंतर तर आणखी नाजूक. समजा एक लाख दुचाकी, रोज २० किमी, वर्षाला ३०० दिवस, लिटरला ४५ किमी. निव्वळ पेट्रोलच्या गुणांकाने उत्तर सुमारे ३०,७०० टन. रोजचे अंतर ३० किमी धरले की तेच ४६,००० होते, आणि लोक आपले रोजचे अंतर अंदाजानेच सांगतात. त्यामुळे तोंडी उत्तर घेऊ नका. ओडोमीटरचा आकडा आणि गाडी घेतल्याचे वर्ष टिपा, पंपावर रांगेत उभ्या गाड्यांचे हे काम पटकन होते. चौकातली मोजणी कामाच्या दिवशी आणि रविवारी, दोन्ही वेळा करा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) यांच्या आसपास मात्र नको. राजवाडा भागातली सगळी वाहतूक तेव्हा वळवलेली असते.

ई-रिक्षा रस्त्यावर दिसतात म्हणून त्यांना वेगळा आकडा देण्याचा मोह होतो. घरच्या मीटरवर चार्ज होणाऱ्यांची वीज एलव्ही-१ मध्ये आधीच धरलेली आहे. वाहतुकीच्या तक्त्यात तिथे ‘आयई’, म्हणजे अन्यत्र समाविष्ट, एवढेच लिहावे.

हाती तीन महिने आणि दोन माणसे असतील तर आमचे मत विक्रीच्या बाजूने आहे. कोणत्या रस्त्यावर बस वाढवायची हे ठरवायचे असेल तर मात्र विक्री मुकी आहे. तिथे मोजणीला पर्याय नाही. दोन्ही जमत असेल तर एकूण लिटर विक्रीवरून घ्या आणि स्कूटर-कारमधली वाटणी मोजणीवरून.

तेल कंपनीला द्यायच्या पत्रात रकाने तुम्हीच आखून द्या: पंपाचा पत्ता, इंधन, महिना, किलोलिटर. ‘वार्षिक विक्री कळवावी’ असे लिहिले की एप्रिल ते मार्चची एकच बेरीज येते, आणि तुमची यादी जानेवारी ते डिसेंबर असेल तर पत्र पुन्हा पाठवावे लागते.