कॅम्पातील मापाचे बूट आणि इंग्लंडमधील दीड वर्ष

पुण्याच्या कॅम्पातील शिवाजी मार्केटच्या परिसरात मापाप्रमाणे बूट शिवून देणारी जी मोजकी दुकाने अजून चालू आहेत, त्यांपैकी एका दुकानातून मी काळ्या कातड्याचे बंद, पट्ट्याचे बूट करून घेतले आणि ते घालून उत्तर इंग्लंडमध्ये दीड वर्ष मिशनरी म्हणून काम केले. पाऊस, चिखल, बर्फ आणि दगडी फरसबंदी यांतून ते रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ज्या मुलींना दिवसभर चालण्याचे किंवा उभे राहण्याचे काम असते, त्यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हे काम कसे असते, ते थोडे सांगितल्याशिवाय बुटांची कसोटी लक्षात येणार नाही. ज्याला लोक मॉर्मन चर्च म्हणतात, त्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे तरुण सदस्य दोन वर्षांसाठी आणि तरुणी अठरा महिन्यांसाठी, चर्च पाठवील तेथे, पगार न घेता सेवेला जातात. सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम आणि अभ्यास उरकून बाहेर पडायचे, दिवसभर सोबतिणीच्या, म्हणजे जोडीला नेमलेल्या दुसऱ्या मिशनरी मुलीच्या, बरोबरच राहायचे, रात्री घरी परतून साडेदहाला दिवे बंद करायचे, असा आमचा दिनक्रम होता. आमच्या भागात मोटार नव्हती, त्यामुळे बस जेथे सोडील तेथून पुढचे सर्व अंतर पायीच होते. प्रेस्टन, ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांतील चढउतारांवर रोज किती चालणे होते, याची कल्पना येथून निघताना मला कोणी दिली असती, तरी ती अपुरीच पडली असती. याच प्रेस्टनमध्ये १८३७ साली आमच्या चर्चचे इंग्लंडमधील पहिले मिशनरी अमेरिकेहून आले होते आणि रिबल नदीत त्यांनी तेथील पहिले बाप्तिस्मे दिले होते. त्या नदीकाठच्या रस्त्यांनी माझे बूट पुष्कळ वेळा गेले.

निघण्यापूर्वी लक्ष्मी रस्ता आणि एम. जी. रोड या दोन्ही ठिकाणी मी तयार बूट पाहिले. मुलांसाठी जाड तळाचे, शिवलेले, पाण्याला टिकणारे बूट सहज मिळतात. मुलींसाठी मात्र फॉर्मल म्हणून जे काही मांडलेले असते, ते बहुधा पातळ तळाचे, केवळ चिकटवलेले आणि वातानुकूलित कार्यालयात दोन खोल्यांमध्ये ये-जा करण्यापुरते असते. स्त्रिया दिवसभर चालत नाहीत, असे हे बूट बनवणाऱ्यांनी कशावरून ठरवले आहे, हे मला आजही समजलेले नाही, आणि मापाचे बूट करून घेण्यामागे माझे मुख्य कारण हेच होते.

दुकानातील वयस्कर कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी मला सकाळी मापे न घेता संध्याकाळी पुन्हा बोलावले, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडा सुजतो आणि तेच खरे माप असते. दोन्ही पायांची मापे वेगवेगळी घेतली, माझ्या रुंद चवड्यासाठी लाकडी फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, कातड्याचे तुकडे चढवून तो वाढवला आणि कच्च्या जोडीवर दोनदा घालून पाहायला लावले. मला नाडीऐवजी पट्टा हवा होता; त्यावर 'बेटा, पट्टा सैल होतो,' असे सांगून त्यांनी आत इलॅस्टिक आणि बाहेर बक्कल अशी रचना सुचवली. बुटाचा वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी असते, तिला ते वेल्ट म्हणतात. तळ त्या पट्टीला शिवलेला असल्यामुळे झिजल्यावर तो उसवून नवा शिवता येतो आणि वरच्या भागाला धक्का लागत नाही. किंमत चांगल्या तयार बुटांच्या जवळपास दुप्पट पडली, ती मुख्यतः या शिलाईची होती, आणि ती मला पूर्णपणे योग्य वाटते.

पट्ट्याची निवड किती मोलाची ठरली, हे ब्लॅकबर्नला गेल्यावर कळले. तेथे गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या घरी अर्थातच बूट दाराशी काढावे लागतात. एका इमारतीत एकट्या राहणाऱ्या आजींना आम्ही आठवड्याचे सामान वर आणून देत असू. सगळे त्यांना बा म्हणत, म्हणून मीही बा म्हणू लागले. तांदळाची पिशवी दोन्ही हातांत असताना, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून एका पायाने दुसऱ्या पायातील बूट उतरवता येणे ही किरकोळ सोय नाही. पुण्याची मुलगी आहे असे कळल्यावर त्या माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या आणि लगेच चहाचे आधण ठेवायला उठल्या. चहा-कॉफी आमच्या धर्मनियमांत वर्ज्य आहे, हे सांगताना मला फार संकोच वाटला, कारण आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. परंतु बांनी ते मनाला लावून न घेता गरम पाण्यात लिंबू पिळून दिले आणि पुढे दर वेळी न विचारता तेच पुढे केले. त्यांच्या औषधांच्या पुड्यांवर गुजरातीत वेळा लिहून घेणे, टपालाने आलेली इंग्रजी पत्रे वाचून दाखवणे, बल्ब बदलणे, इतकीच आमची तेथील सेवा होती. तीत उपदेशाचा एक शब्दही नव्हता आणि तो असू नये, असे माझे ठाम मत आहे.

बुटांची खरी परीक्षा घराबाहेर झाली. एका वृद्ध गृहस्थांच्या भाजीच्या वाफ्यात शेणखत पसरणे, गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या फूड बँकेत डब्यांची खोकी उचलून रांगा लावणे, कोणी घर बदलत असेल तर गादी अरुंद जिन्यातून उतरवणे, थंडीत फुटपाथवरचे बर्फ फावड्याने बाजूला करणे, अशी कामे बहुतेक आठवड्यांत असत. मोठ्या अंगमेहनतीच्या कामांना वेगळे जाड बूट वापरावेत असा सल्ला आम्हाला होता, परंतु अनेकदा काम रस्त्यातच समोर येई आणि पायात असतील तेच बूट कामी येत. वेल्टची शिलाई कोठेही उसवली नाही, चवड्याला एकदाही फोड आला नाही, आणि क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमचे क्षार वापरून, कमावलेले कातडे पावसात भिजूनही कडक झाले नाही.

तळाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. रबराचा तळ लावावा, अशी माझी विनंती होती. कातड्याचा तळ पायाला हवा देतो आणि अधिक टिकतो, असे सांगून दुकानाने कातड्याचाच लावला. पुण्याच्या कोरड्या हवेत ते खरे असेल. प्रेस्टन आणि ब्लॅकबर्न ज्या परगण्यात आहेत, त्या लँकशायरमध्ये दगडी फरशा महिनोन्महिने ओल्या राहतात, त्यांवर शेवाळ धरते आणि कालव्याकाठच्या वाटांवर तर पाऊल जपून टाकावे लागते. तेथे कातड्याचा गुळगुळीत तळ धोकादायक आहे. पहिल्याच हिवाळ्यात मी तेथील एका दुरुस्तीवाल्याकडे जाऊन वर रबराचा अर्धा तळ आणि टाचेला रबर लावून घेतले. त्याने जोडी उलटसुलट करून पाहिली, वेल्टच्या टाक्यांवर बोट फिरवले आणि हे कोठे शिवले, असे विचारले. बूटनिर्मितीची जुनी परंपरा असलेल्या देशात तो प्रश्न ऐकून मला चाचांचा अभिमान वाटला, आणि तो येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दुसरी तक्रार वेळेची आहे. ठरलेली तारीख दोनदा पुढे गेली, आणि विमानाचे तिकीट हाती असलेल्या ग्राहकाला हे फार त्रासदायक होते. पावतीवर फक्त रक्कम आणि नाव होते. तळ कोणता, दुरुस्तीची हमी किती, याचा उल्लेख नव्हता. आतले अस्तर चांगले असले तरी थंडीसाठी अपुरे आहे, तेव्हा लोकरीच्या मोज्यांसाठी मापात थोडी जागा ठेवावी.

काळजी घेण्याची पद्धत चाचांनी शिकवली तीच मी पाळली. आठवड्यातील एक दिवस आम्हाला कपडे धुणे, बाजार आणि पत्रव्यवहार यांसाठी मिळतो. २०१९ पासून त्या दिवशी घरच्यांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलण्याचीही मुभा आहे. आईशी बोलत असताना माझे हात बहुधा पॉलिश करत असत, आणि तिचा पहिला प्रश्न बुटांचा असे. भिजलेले बूट हीटरजवळ ठेवू नयेत, कारण कातड्याला भेगा पडतात. आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून ते सावलीत सुकू द्यावेत आणि कागद ओला झाला की बदलावा. महिन्यातून एकदा मेणाचे पॉलिश टाक्यांपर्यंत पोहोचवावे.

२०१८ च्या अखेरीपासून आमच्याकडे मुलींना स्कर्टबरोबर पँट घालण्याचीही परवानगी आहे, आणि हे बूट दोन्हींवर शोभतात, हेही सांगायला हवे. परतल्यावर मी ते पुन्हा कॅम्पात नेले. चाचांनी जुना तळ पूर्ण उसवून, या वेळी माझे ऐकून, रबराचा नवा तळ शिवून दिला. माझा फरमा त्यांनी नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवला होता, त्यामुळे मापे पुन्हा द्यावी लागली नाहीत. ज्यांना बूट करून घ्यायचे आहेत त्यांनी प्रवासाच्या किमान दोन महिने आधी जावे, संध्याकाळी माप द्यावे, आणि तळ रबराचा हवा असल्यास ते पावतीवर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.