सहस्रचंद्रदर्शन : कार्यालयात की घरी?

एक हजार पौर्णिमा व्हायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणून हा सोहळा ८१ व्या वर्षात करतात. आजीचा करायचा ठरला की पहिला प्रश्न जागेचा.

कार्यालयात सगळं गणगोत मावतं, होम आणि पंगती नीट होतात आणि घरातल्या बायका स्वयंपाकात अडकत नाहीत. हा शेवटचा फायदा खरंच मोठा आहे. पण आजी मात्र सजवलेल्या खुर्चीत बसून राहते. माणसं रांगेनं येतात, वाकतात, फोटो काढतात, जेवायला जातात. स्पीकर चालू असला तर कमी ऐकू येणाऱ्या माणसाला शेजारचं बोलणंही कळत नाही.

घरी दाटी होते, लांबची माणसं वगळावी लागतात, रुसवेफुगवे होतात. तरी माझं मत घरालाच. जुना अल्बम मांडीवर ठेवला की आजी बोलू लागते: १९६१ च्या पानशेतच्या पुरातून काय वाचलं, १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या कशा थापल्या. कृष्णधवल फोटोतली कितीतरी माणसं आता फक्त तीच ओळखते. ती नावं त्याच दिवशी फोटोंमागे पेन्सिलीनं लिहून घ्यावीत आणि बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं.

पूजा आणि कणकेच्या ८१ दिव्यांचं औक्षण घरीही होतं. जेवण बाहेरून मागवावं, दुपारी आजीला झोपू द्यावं आणि अल्बम संध्याकाळी उघडावा.