बेलेमची पायी सफर: निघालेली जहाजे दिसतात, पोचलेली दिसत नाहीत

लिस्बन शहराच्या पश्चिमेला, तेजू नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडे अलीकडे, बेलेम हा भाग आहे. भारताकडे जाणारी पोर्तुगीज जहाजे येथूनच नांगर उचलीत. या भागातून तीन तासांची पायी सफर घडवणाऱ्या एका लहान स्थानिक संस्थेकडे आम्ही नाव नोंदवले. दर माणशी २८ युरो होता. त्यात तेथील जेरोनिमुश मठाचे तिकीट धरलेले नव्हते, आणि ही गोष्ट नोंदणीच्या वेळी कोणी धड सांगितली नाही, ही पहिली तक्रार. बाकी व्यवस्था चोख होती: गट बारा जणांचा, वेळ काटेकोर, आणि मार्गदर्शक बाईंचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोचणारा.

सुरुवात जेरोनिमुश मठापासून झाली आणि सफरीचा सर्वांत कसदार भागही हाच ठरला. राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या आरंभी हे बांधकाम सुरू केले व त्यासाठी आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर पाच टक्के कर बसवला. म्हणजे ज्या समुद्रातून पैसा आला, तोच समुद्र दगडात उतरला, असे बाईंनी सांगितले तेव्हा ते अलंकारिक वाटले. पण त्यांनी एका खांबाशी नेऊन बोट ठेवले आणि दाखवले, की येथे वेलबुट्टी वाटते ती खरे तर पीळ दिलेली दोरखंडे आहेत, आणि त्या दोरखंडांमधून नाविकांचे खगोलयंत्र, म्हणजे एकात एक गुंफलेल्या कड्यांचा गोल, पुन्हापुन्हा डोकावतो. चर्चच्या मुख्य वेदीपाशी मानुएलच्या घराण्यातील राजाराण्यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. युरोपच्या टोकाला असलेल्या एका ख्रिस्ती राजघराण्याला अखेरच्या विश्रांतीसाठी हत्ती हवेसे वाटले, यातच त्या काळातील श्रीमंती कोठून आली हे कळून चुकते.

वास्को द गामाच्या समाधीपाशी मात्र मी थोडा अस्वस्थ झालो. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, तेथेच पुरला गेला, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला आल्या आणि १८८० मध्ये या मठात आणल्या गेल्या, हा प्रवास बाईंनी रंगवून सांगितला. परंतु १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच माणसाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज, त्यातील बायकामुलांसह, मलबारच्या किनाऱ्याजवळ जाळले, याचा उल्लेखही झाला नाही. ही हकिगत शत्रूने रचलेली नव्हे. त्याच्याच बाजूच्या एका पोर्तुगीज माणसाने ती लिहून ठेवली आहे.

हीच उणीव नदीकाठच्या दर्यावर्दी स्मारकापाशी जास्त जाणवली. जहाजाच्या नाळेसारखे हे ५२ मीटर उंच स्मारक प्रथम १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते आणि पोर्तुगीज सागरी मोहिमांना पाठबळ देणाऱ्या राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा, १९६० मध्ये, ते कायमस्वरूपी बांधले गेले. दोन्ही वेळा सत्ता हुकूमशहा सालाझारची होती आणि साम्राज्याचा गौरव हा त्या राजवटीच्या प्रचाराचा भाग होता, एवढे बाईंनी स्पष्ट सांगितले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. स्मारकावर हेन्रीच्या पुतळ्यामागे उभ्या असलेल्या पुतळ्यांपैकी एकेकाचे नाव घेताना त्यांनी झुराराकडे बोट दाखवले आणि ‘हा बखरकार’ एवढे म्हणून त्या पुढे सरकल्या. या बखरकाराने काय लिहिले, तेच तर ऐकायचे होते. १४४४ मध्ये दक्षिण पोर्तुगालमधील लागुश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसे उतरवून वाटून घेतली गेली, मायलेकरांची ताटातूट झाली आणि घोड्यावर बसलेल्या हेन्रीने त्यातील पाचवा हिस्सा घेतला, हे सर्व झुरारानेच लिहिले आहे. पुढील शतकांत पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांनी सुमारे ५८ लाख गुलाम अटलांटिकपार नेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इतर कोणत्याही देशाच्या जहाजांनी एवढे नेले नाहीत. आपला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे, ही आठवण त्या पुतळ्यासमोर सुखावह नव्हती.

मी विचारले तेव्हा बाई प्रांजळपणे म्हणाल्या, की तीन तासांत सगळे बसत नाही. हे उत्तर मला पटले असते. पण त्यानंतर बेलेमच्या बुरुजाशी एका गेंड्यासाठी आम्ही पुरी वीस मिनिटे दिली. अर्थात ती वीस मिनिटे मला आवडली, हेही कबूल करतो. १५१४ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या बुरुजाच्या एका गुमटीच्या बुडाशी गेंड्याचे मुंडके कोरलेले आहे. वाऱ्यापावसाने ते इतके झिजले आहे, की दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. शिंग तर कल्पनेनेच पाहावे लागते. गुजरातच्या सुलतानाने भारतातील पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा प्राणी १५१५ च्या मे महिन्यात जिवंतपणी लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गंडा’ म्हणत, आणि तो शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, केवळ आलेल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचे प्रसिद्ध चित्र काढले. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून धाडला; पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने बांधलेला गेंडा त्याबरोबर गेला.

शेवटचा थांबा १८३७ पासून चालणाऱ्या, अंड्याच्या बलकाच्या खुसखुशीत वाट्या विकणाऱ्या प्रसिद्ध दुकानात होता. १८३४ मध्ये मठ बंद झाल्यावर तेथील पाककृती बाहेर आली, असे सांगतात. वाटी गरम होती, वर दालचिनी भुरभुरलेली होती, आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

वास्तू आणि त्यांवरील कोरीवकाम कसे वाचावे, हे शिकायचे असेल तर ही सफर घ्यावी; त्या कामात बाईंचा हात धरणारे फार नसतील. साम्राज्याचा इतिहास म्हणून ती अपुरी आहे. पोर्तुगालमधील १९७४ ची लष्करी क्रांती, पुढच्या वर्षी स्वतंत्र झालेल्या अंगोला व मोझांबिक या आफ्रिकेतील वसाहती आणि तेथून परतलेले लाखो पोर्तुगीज यांच्या वाट्याला एकच वाक्य आले, तेही ट्रामची वाट पाहताना. सोमवारी मठ बंद असतो, तेव्हा तो वार टाळावा. काळ्यापांढऱ्या दगडांचे पदपथ पावसात फार निसरडे होतात, म्हणून बूट चांगल्या पकडीचे हवेत. आणि मठाचे तिकीट आपण स्वतःच आधी काढून ठेवावे. आमच्या गटातील दोघे ते नसल्यामुळे पाऊण तास रांगेत राहिले आणि हत्ती त्यांना घाईघाईतच पाहावे लागले.