सिंहपुच्छ माकड की आसामचा राठ ससा : वन्यजीव सप्ताहाला वर्गात कोणाला घ्यावं?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि आमच्या मराठवाड्यातल्या शाळांमध्ये प्रकल्पासाठी प्राणी शोधणं सुरू होतं. यंदा आमच्या सातवीच्या यादीत ही दोनच नावं उरली. दोघेही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’, त्यामुळे जास्त अडचणीत कोण, हे बघून काही ठरत नाही.

माकडावर माहिती भरपूर मिळते. काळं अंग, तोंडाभोवती करडी-पांढरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. चित्र लावलं की मुलं गोळा होतात. त्याचं घर कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतल्या पश्चिम घाटात. केरळात सायलेंट व्हॅलीचं धरण लोकांनी रोखलं, १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्या लढ्याची ओळख हेच माकड होतं. तामिळनाडूतल्या वाल्पाराईला चहामळ्यांमुळे जंगलाचे तुकडे झालेत. माकडं खाली उतरून रस्ता ओलांडतात, गाडीखाली सापडतात. म्हणून तिथे झाडांना झाडं जोडणारे पूल टांगलेत.

ससा दिसतच नाही. अडीच किलोचा, आखूड कानांचा, हिमालयाच्या पायथ्याच्या उंच गवतात राहणारा. संपला असं धरून चालले होते, १९७१ मध्ये आसामात पुन्हा सापडला. अभ्यासकही त्याच्या लेंड्यांवरूनच माग काढतात. कोरड्या दिवसांत गवत पेटवलं की त्याला लपायला जागा उरत नाही.

तरी मी ससाच घेईन. मागच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन पेटवलेल्या बांधाकडेनं चाललो होतो. राखेत कुसळीचा एकच पुंजका वाचलेला, त्याच्या बुडाशी वाळक्या लेंड्या. एक मुलगी खाली बसून म्हणाली, “सर, एवढ्याशा गवतात तो बसायचा?” आपला ससा वेगळ्या जातीचा आहे आणि तसा संकटात नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायचं. पण ज्या माळाला आपण पडीक म्हणतो तिथे कुणीतरी राहतं, हे त्यांना पायाखाली बघता येतं. चौथीपर्यंतचा वर्ग असेल किंवा बाहेर पडणं शक्यच नसेल, तर बिनधास्त माकड घ्या.

ससा घेतला तर ऑक्टोबरात गवत उभं असतानाच बांध, गायरान आणि ओढ्याचा काठ अशा तीन जागा आखून लेंड्या मोजा. मार्चमध्ये त्याच जागी परत जा.